इथे काही नाही, नीट बघा

किबीच्या भागात जुनंपुराणं काही बघायला गेलात की हे काका भेटणारच. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर कापडी टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात पांढरा टॉवेल, हातात ओढली की लांब होणारी स्टीलची कांडी आणि काखेत प्लॅस्टिकच्या पानांची फाइल. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी शाळेतून, कुणी मिझुशिमाच्या कारखान्यातून. पण जाकिटावर स्वयंसेवक मार्गदर्शकाचा बिल्ला लागला की सगळे मिळून एकच माणूस होतात. पैसे घेत नाहीत. चहा पाजतो म्हटलं तर स्वतःच्या थर्मासमधला तुम्हालाच पाजतात. त्यामुळे मध्येच कटायची सोय राहत नाही. पैसे मोजलेल्या गाईडला ‘पुरे आता’ म्हणता येतं. फुकट सांगणाऱ्यापुढे माणूस हतबल असतो.

किबी म्हणजे ओकायामा शहराच्या पश्चिमेला सोजापर्यंत पसरलेला भातखाचरांचा पट्टा. ओकायामा हे नाव पुणेकरांच्या कानावरचं, कारण सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. मी पुण्याचा म्हटल्यावर हे काकांच्या कानावर घालणं भागच होतं. काका म्हणाले, “कोराकुएन चांगली आहे. पण तिथे सगळंच आहे.” वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाबद्दल मास्तर ज्या कोरडेपणाने बोलतात, तोच सूर. काकांचा जीव नापासांच्या बाकावर.

जे उभं आहे त्यात त्यांना रस नाही. हे कळायला बिच्चू कोकुबुंजीला जावं लागतं. भातशेतीच्या मधोमध पाच मजली पॅगोडा, ३४ मीटर उंच, भोवती ऋतूप्रमाणे फुलं. ओकायामाच्या पर्यटनाच्या माहितीपत्रकावर हाच असतो. लोक येतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. काका पॅगोड्याकडे पाठ करून उभे राहतात. “हा नवा आहे,” असं सांगतात. नवा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. सम्राट शोमूने ७४१ साली प्रांतोप्रांती एक भिक्षूंचा आणि एक भिक्षुणींचा मठ बांधायचा हुकूम काढला, त्यातला भिक्षूंचा इथे होता. जुना पॅगोडा कधीच गेला. मग कांडी मिटवून म्हणतात, “चला, आता बघण्यासारखं दाखवतो.” आणि तुम्हाला पूर्वेकडच्या पाइनच्या राईत नेतात. तिथे भिक्षुणींचा मठ होता. आता दगड आहेत. मातीतून डोकं काढलेले, वरून सपाट, खांबाखालचे दगड.

इथे काका फुलतात. उकिडवे बसून एका दगडावरच्या पाइनच्या सुया तळहाताने झाडतात, टॉवेलच्या टोकाने पुसतात, तुम्हाला हात लावायला सांगतात. मग उठून मुख्य मंडप दाखवायला निघतात. मंडप नाही, पण काका भिंतीतून जात नाहीत. दोन दगडांच्या बाजूने वळसा घालून दारापाशी येतात, उंबरठा जिथे असावा तिथे पाय उचलतात आणि मग आत शिरतात. मागून आपणही मुकाट पाय उचलतो. माझ्याबरोबरचा मित्र सरळ भिंतीतून आला, तर काकांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. बिचारा परत बाहेर जाऊन दारातून आला.

आपल्याकडे गडावरचा वाटाड्या कधी संशयात पडत नाही. ‘इथून कडेलोट करायचे’ म्हणून दरीकडे बोट दाखवतो, पाचशे वर्षांचा निकाल लावतो आणि पुढच्या टाक्याकडे वळतो. काका स्वतःच्या पायाखालच्या दगडाबद्दलही छातीठोक बोलत नाहीत. “याबद्दल अनेक मतं आहेत,” हे त्यांचं पालुपद. ते म्हणताना आवाज उतरतो आणि नजर झाडीकडे जाते. विरुद्ध मताचा कुणी तिथे दबा धरून बसला असावा अशी शंका येते. मग फाइल उघडते. फाइलमध्ये प्रत्येक जागेची तीन-तीन चित्रं: एका मताप्रमाणे, दुसऱ्या मताप्रमाणे, आणि शेवटी रंगीत पेन्सिलीने स्वतः काढलेलं. तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून काका काही बोलत नाहीत. आपण विचारायचं असतं.

बिच्चू-ताकामात्सुचा किल्ला हा या घराण्यातला खास नमुना. दलदलीतला किल्ला, आज तिथे सपाट गवत आणि कमळांचं तळं. १५८२ साली, जपान जिंकत निघालेल्या नोबुनागाचा सरदार हिदेयोशी याने हा किल्ला घेतला तो तोफा डागून नव्हे, पाण्यात बुडवून. पावसाळ्याच्या तोंडावर बारा दिवसांत बांध घातला, नदी आत वळवली आणि किल्लेदार शिमिझु मुनेहारु माणसांसकट बेटावर अडकला. तेवढ्यात क्योटोला होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा घात झाला. हिदेयोशीने ती बातमी शत्रूला कळू न देता घाईघाईने तह उरकला. तहाच्या अटीप्रमाणे मुनेहारुने होडी पाण्याच्या मधोमध आणून, दोन्ही सैन्यांच्या देखत पोटात कट्यार खुपसून घेतली. हिदेयोशी लगोलग क्योटोकडे धावला आणि पुढे अख्ख्या जपानचा धनी झाला. इतिहास त्याच्याबरोबर निघून गेला. काका मागे थांबले.

कारण काकांचा प्रश्न वेगळाच आहे: बांध किती लांब होता? पारंपरिक हकिगतीत तीन किलोमीटर. काही अभ्यासकांच्या मते कावाझुगाहानाजवळचा तीनेकशे मीटरचा बांध पुरला असता, बाकीचं काम भोवतीच्या उंचवट्यांनी केलं. काका तीनशेवाले आहेत. फाइलमधून १९८५ च्या पुराचा फोटो काढून दाखवतात. तो बांध नसतानाही पाणी साचून शिवार किल्ल्याच्या वेढ्यासारखं दिसतंय. गावच्या पुराने एखाद्याला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. “किल्ल्याचं काय उरलं?” असं विचारलंत तर काका तळ्याकडे बोट करतात. १९८२ मध्ये इथे दलदल पुन्हा तयार केली, तेव्हा मातीत गाडलेलं कमळाचं बी आपोआप रुजून वर आलं. त्या कमळांना आता मुनेहारुचं नाव आहे. मला ही गोष्ट किल्ल्यापेक्षा आवडली, पण तसं बोलून दाखवलं नाही. कमळं उभी असतात. काकांचा भरवसा नाही.

मधल्या प्रवासात काकूंची गाठ पडते. पांढऱ्या चौकोनी गाडीत रेडिओ लावून त्या वीणकाम करत बसलेल्या असतात. प्रत्येक मुक्कामावर काच खाली करून विचारतात, “होतं का काही?” आपण “नाही” म्हणतो. “वा, म्हणजे ते खूश असतील,” असं म्हणून त्या भाताचे मुटके पुढे करतात. “ह्यांना घरातलं काही दिसत नाही,” काकू एकदा म्हणाल्या, “सातव्या शतकातलं तेवढं सगळं दिसतं.” काका तेव्हा गाडीच्या टपावर नकाशा पसरून उभे होते. त्यांना तेही ऐकू गेलं नाही.

त्यांचं सातवं शतक म्हणजे किनोजो, राक्षसाचा किल्ला. सुमारे चारशे मीटर उंचीच्या डोंगरमाथ्याला २.८ किलोमीटर लांबीचा तट वेढा घालून आहे. चार दरवाजे, पाणी बाहेर सोडणारी सहा तोंडं. पश्चिम दरवाजा २००४ मध्ये पुन्हा बांधून काढलाय. लाकडी, भव्य, खाली पसरलेल्या मैदानावर नजर ठेवून असलेला. पर्यटक तिथे थांबतात, काका त्याच्याकडे न बघता बाजूने निघून जातात. कधीकाळी भांडण होऊन बोलणं तुटलेल्या नातेवाइकाच्या दारावरून माणूस जातो ना, तसं. विचारलं तर म्हणतात, “सुतारकाम उत्तम आहे.”

राक्षसाची गोष्टही ते कर्तव्य म्हणून सांगतात. उरा नावाचा दांडगा राक्षस इथे राहायचा, कोरियातल्या बेक्जे राज्याचा राजपुत्र म्हणे. राजपुत्र किबित्सुहिको त्याच्यावर चालून आला. दोघांचे बाण हवेत एकमेकांवर आदळायचे. शेवटी एक बाण लागला, रक्ताने नदी लाल झाली, उरा मासा होऊन पळाला, तर याने पाणकावळा होऊन त्याला गाठलं. उराचं मुंडकं किबित्सु मंदिरातल्या चुलीखाली पुरलं. तिथल्या कढईचा घुमणारा आवाज ऐकून आजही शकुन पाहतात. पोरासोरांच्या लोककथेतल्या मोमोतारोची मुळं या गोष्टीत आहेत असं इथली मंडळी मानतात, आणि जवळून जाणारी एकेरी रेल्वेसुद्धा मोमोतारोच्या नावाने ओळखली जाते. काका हे सगळं एका दमात संपवतात, एकदा घसा साफ करतात आणि म्हणतात, “आता खरं.”

खरं असं. ६६३ साली बेक्जेच्या मदतीला गेलेलं जपानी आरमार तांग चीन आणि कोरियातलंच सिल्ला राज्य यांच्याकडून कोरियाच्या किनाऱ्यावर सपाटून मार खाऊन आलं. आता शत्रू समुद्र ओलांडून येणार या धास्तीने पश्चिम जपानात डोंगरी किल्ले उठले. हाही बहुधा त्यातलाच. बहुधा, कारण जुन्या बखरींत याचं नावसुद्धा नाही. आणि शत्रू? तो आलाच नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्याची कुठे नोंद नाही असा किल्ला, जे झालंच नाही अशा लढाईसाठी, आणि त्याचंही फारसं काही शिल्लक नाही. एवढं नसणं एका ठिकाणी सहसा मिळत नाही! पावणेतीन किलोमीटरहून लांब तट ते पायांनी मोजून चालतात, आणि आपल्याला वाटतं की ते दमावेत; दमत नाहीत.

त्यांना राग येतो तो एकाच ठिकाणी. कुराशिकीतल्या तातेत्सुकीच्या टेकाडावर दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचं एक मोठं दफन आहे. माथ्यावर पाच शिळा उभ्या, आणि खणताना थडग्यात तीस किलोहून जास्त लाल हिंगूळ सापडला. १९७० च्या दशकात इथे घरांची वसाहत झाली, टेकाडाची दोन्ही टोकं कापली गेली आणि शेजारी पाण्याची टाकी बसली. काकांना खरं तर यात आनंद व्हायला हवा: आणखी थोडं नाहीसं झालं. पण इथे ते गप्प असतात. पडझड काळाने करावी, नगररचनेने करू नये, असा त्यांचा नियम असावा. टाकीच्या बाजूला त्यांनी फाइल उघडलीच नाही.

गाडी पुन्हा रुळावर येते ती त्सुकुरियामाला. पाचव्या शतकातलं, किल्लीच्या भोकाच्या आकाराचं हे मातीचं थडगं ३५० मीटर लांब आहे. जपानात आकाराने चौथं. काकांच्या तोंडी ‘चौथं’ हा शब्द पहिल्यासारखा येतो. कारण पहिली तीन ओसाकाकडची, राजघराण्याच्या पूर्वजांची म्हणून राजदरबाराच्या खात्याकडे. कुंपणाबाहेरून नमस्कार करायचा. “आमच्यावर चढता येतं,” काका म्हणतात आणि चढतात. किबीचे राजे यामातोच्या, म्हणजे नाराकडच्या, राजांच्या बरोबरीचे होते, पुढे यामातोने त्यांना दाबलं, हे सल पंधराशे वर्षं झाली तरी काकांच्या मनातून गेलेलं नाही. नारा आणि क्योटोकडची मंडळी आली की या जागी त्यांचा आवाज एक पट्टी वर जातो म्हणे.

माथ्यावर छोटं देऊळ, आणि देवळासमोर दगडाची एक शवपेटी. एकसंध दगड पोखरून केलेली, झाकण गायब, आत पालापाचोळा. दगड क्युशूतल्या आसो ज्वालामुखीचा, म्हणजे समुद्रातून होडीने आणलेला. मी आत डोकावलो तेव्हा तळाशी ओल होती आणि एका कोपऱ्यात कुणीतरी एक येनचं नाणं टाकलेलं. पेटी याच थडग्यातली की शेजारच्या टेकाडातून उचलून आणलेली, याबद्दल अर्थातच अनेक मतं आहेत. १५८२ च्या त्या लढाईत सैन्याने इथे तळ ठोकून माथा सपाट केला असंही सांगतात, म्हणजे आतला राजा कुठे गेला हा प्रश्न उरतोच. काकांनी तिन्ही चित्रं दाखवली. मी तिसऱ्याबद्दल विचारलं. अंधार पडायला लागला.

खाली उतरल्यावर मी पंचाईत झाल्यासारखा चेहरा करून गाडीची वेळ पाहिली. काकांनी डायरी काढली. उद्या दुसरं त्सुकुरियामा बघायचं म्हणाले. दुसरं? हो, सोजात याच नावाचं आणखी एक थडगं आहे; लिहिताना पहिलं अक्षर तेवढं वेगळं. ऐकून जाणारे चुकीच्या टेकडीवर तासन्‌तास एकमेकांची वाट बघतात, म्हणून गावकऱ्यांनी एकाला झोझान आणि दुसऱ्याला साकुझान म्हणायला सुरुवात केली.

“ते लहान आहे,” काका म्हणाले. “पावणेतीनशे मीटरच्या आसपास. वर देऊळ नाही. शवपेटी नाही. पुढच्या बाजूला टेकडीचा एक तुकडा बांधणाऱ्यांनी कापायचा तसाच ठेवलाय. का ठेवला, कुणाला माहीत नाही.” त्यांनी डायरीत काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं. “तेव्हा सकाळी सातलाच या. दिवस पुरणार नाही.”