जरा नीट बघून पाठव

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये शेठ एका सोमवारी म्हणाले, "यंदा आयएसओ आणायचं." घरात फ्रिज आणायचं ठरतं, तोच सूर. फ्रिज आला की दूध नासत नाही, तसं आयएसओ आलं की माल परत येत नाही, हा त्यांचा हिशेब. स्टोअरच्या मामांना वाटलं, आता नवे रॅक मिळणार. लेथवरच्या पोरांना वाटलं, ओव्हरटाइम बुडणार. मला वाटलं, फायली मलाच लिहाव्या लागणार. अंदाज तेवढा माझाच खरा ठरला.

सल्लागार आले आणि पहिल्या चहातच त्यांनी शेठांचा हिशेब मोडला. जिनिव्हातली आयएसओ ही संस्था नुसतं मानक लिहिते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या. ते मिळतं तीन वर्षांसाठी, आणि मधेही दरवर्षी ऑडिटर येऊन बघून जातो. शिवाय आयएसओपुढचा ९००१ हा मानकाचा आकडा तुमच्या मालाला चांगलं म्हणत नाही. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ओळखून तुम्ही काम कसं करायचं ठरवलंत आणि तसं करता का, हे तो विचारतो.

शेठांचा चेहरा उतरला. "म्हणजे ठरवायचंही आम्हीच?"

ठरवायला मी बसलो. गुणवत्तेचं उद्दिष्ट म्हणून झोकात लिहिलं : 'रिजेक्शन कमी करणे.' सल्लागारांनी पेन्सिलीने शेजारी तीन शब्द लिहिले : किती? कधीपर्यंत? कोण? शाळेत निबंधाला शून्य मिळाल्यावर वाटायचं तसं वाटलं.

वास्तविक लोखंडाशी आम्ही किती स्पष्ट बोलतो! बुशाचं भोक २५ मिलिमीटर, वीस मायक्रॉन इकडे किंवा तिकडे. ड्रॉइंगवर लिहिलंय, त्यामुळे वाद नाही, रुसवा नाही. माणसाशी बोलताना मात्र आमचं सगळं मोजमाप एका वाक्यात मावतं : "जरा नीट बघून पाठव." या 'नीट'ला टॉलरन्स किती, ते कुठल्याच ड्रॉइंगवर नाही. मागच्या परत आलेल्या लॉटला तिघांनी 'नीट' बघितलं होतं. एकाने नग मोजले, एकाने बिलावरचा पत्ता तपासला, मामांनी काय केलं ते कुणी विचारलंच नाही.

मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने जाडजूड मॅन्युअलची सक्ती काढून टाकली आहे. शेठांनी तरीही ते करून घेतलं, सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगसकट. उपयोगी पडला तो पॅकिंगच्या टेबलावर चिकटवलेला एक कागद : 'दर पेटीतल्या पाच बुशांत प्लग गेज घालून बघणे. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बघणाऱ्याने सही करणे.'

मामांनी चष्मा वर सरकवून तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"एवढंच होतं तर आधी सांगायचं की! वीस वर्षं मी पेट्या नीट पुसून पाठवतोय."