ओव्हरऑइलिंग

माझ्या गॅरेजात सहा सायकली आहेत आणि त्यांतली एकही कुठे जात नाही. पुढचं चाक आकड्याला अडकवलेलं, मागचं भिंतीला टेकलेलं, अशा त्या रांगेनं लटकत असतात, दिवसा पिंपळावर झोपलेल्या वटवाघळांसारख्या. फरक इतकाच, की वटवाघळं रात्री तरी उडतात. सगळ्या माउंटन बाइक आहेत, म्हणजे डोंगरावरून खाली झोकून देण्यासाठी जन्माला आलेल्या, आणि सगळ्या १९८०च्या दशकातल्या. त्यांच्यावर दव पडू नये म्हणून त्या आत, आणि जिचे हप्ते अजून फिटायचे आहेत ती मोटार बाहेर. शेजारचे गृहस्थ कुत्र्याला फिरवायला निघाले की अर्धवट उघड्या दारातून वाकून बघतात आणि विचारतात, ‘काय, आज कुठे जाऊन आलास?’ मी हातातलं तेलकट फडकं दाखवतो. गेली सात वर्षं आमचा स्नेह एवढ्यावर टिकून आहे.

या सायकलींचं माहेर माझ्या घरापासून मोटारीनं तासा-सव्वा तासावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते, तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या काही पोरांना एक वेड लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या, जाड टायरांच्या श्विन सायकली भंगारातून हुडकून काढायच्या, मडगार्ड, चेनकव्हर, जे जे खुळखुळेल ते उचकटून टाकायचं, आणि वणवा विझवणाऱ्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यावरून जीव मुठीत धरून खाली सुटायचं. २१ ऑक्टोबर १९७६ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी रीतसर शर्यत लावली. जेमतेम दोन मैलांत तेराशे फूट उतार. त्या दिवशी अ‍ॅलन बाँड्स जिंकला, आणि तो का जिंकला याची जी कथा सांगतात ती मला फार आवडते : न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता. पुढे गॅरी फिशरनं तोच उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत कापला आणि तो विक्रम होऊन बसला. पण माझं मन त्या पहिल्या, न पडलेल्या माणसापाशीच घुटमळतं. जगात पहिलं येण्याचा इतका साधा मार्ग असू शकतो, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नसे. पेडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागायचा. एवढ्या उतारावर ब्रेक धरधरून तो हब असा तापे, की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब खोलून नवं ग्रीस भरल्याखेरीज सायकल पुन्हा वर नेण्यात अर्थ नसे. म्हणून त्या उताराचं आणि शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरा. एखाद्या शूर खेळाचं नाव त्यातल्या शौर्यावरून न पडता नंतरच्या साफसफाईवरून पडावं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण हा शब्द मला लहानपणापासून येत होता. आमच्या पुण्यात त्याला ओव्हरऑइलिंग म्हणत.

मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, हे मला कॉलेजात कळलं, आणि तो कळल्याचा किंचित रागही आला. ओव्हरऑइलिंगमध्ये जी माया आहे ती त्या कोरड्या शब्दात कुठे? न्हाणीघरात दिवाळीच्या पहाटे आई डोक्यावर तेल थापायची, ते ओव्हरऑइलिंगच. बाबांची सायकल दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दुकानात जाई. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, एक पंप आणि पंक्चर बघायची पाण्याची घमेली. दुकानदार सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करी, चाकं काढी, कोन सैल करी, आणि काळ्या झालेल्या ग्रीसमधून छर्रे टपटप डालड्याच्या डब्यातल्या रॉकेलमध्ये पडत. बाबा मला तिथे बसवून जात. माझ्यावर एकच कामगिरी असे : आपले छर्रे दुसऱ्याच्या सायकलीत जात नाहीत ना, ते बघणं. मागच्या चाकाला एका बाजूला नऊ, पुढच्याला दहा. मी डोळ्यांत तेल घालून बघे, म्हणजे तेही एक ओव्हरऑइलिंगच झालं. संध्याकाळी सायकल घरी येई ती अशी चालायची, की जणू तिला कुणीतरी एखादं गुपित सांगितलं आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार, हँडलला हळद-कुंकू, आणि पुढच्या वर्षापर्यंतचं अभय. चाळीस वर्षांनी मी जेव्हा पहिल्यांदा एक जुना जपानी हब खोलला, तेव्हा छर्रे रॉकेलसदृश द्रवात टाकून आधी मोजले. नऊ. मग उगाच आजूबाजूला पाहिलं, कुणी आपले पळवत तर नाही ना.

जुन्या माउंटन बाइक जमवणाऱ्यांच्या जगात शिरलं की माणूस आधी अंकगणित विसरतो. सव्वीस इंची टायर म्हणजे सव्वीस इंची टायर, असं साधी माणसं धरून चालतात. प्रत्यक्षात सव्वीस इंच म्हणवणाऱ्या रिमा ५५९ मिलिमीटरच्या असतात, ५७१च्या, ५८४च्या, ५९०च्या आणि ५९७च्याही. एकीचा टायर दुसरीला बसत नाही आणि सगळ्या शपथेवर सव्वीस इंची आहेत. सीटचा दांडा २६.४, २६.६, २६.८ अशा पायऱ्यांनी जाडावत जातो, आणि दोन दशांश मिलिमीटरवरून संग्राहकांत जे अबोले होतात ते एरवी सामायिक भिंतीवरूनच होत असावेत. शिमानोनं १९८२मध्ये डिओर एक्सटी नावाचा खास डोंगरी सायकलींसाठीचा संच काढला, त्याच्या सुरुवातीच्या भागांवर फाटेदार शिंगांच्या हरणाचं मुंडकं कोरलेलं असे. ते मुंडकं झिजलेलं की ठसठशीत यावर किंमत ठरते. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर सांबराची मुंडकी असत. माझ्याकडे ती मागच्या चाकाशी, अर्ध्या इंचाची आहेत, आणि मीही पाहुण्यांना त्यांच्यासमोर उभं करतो. गिअर बदलायला तेव्हा अंगठ्यानं ढकलायचे खटके असत. आजची बोटांनी चालणारी यंत्रं कितीही सुबक असोत, आम्हाला ते अंगठ्याचेच खटके हवेत. अंगठेबहाद्दर हा शब्द पूर्वी निरक्षरांसाठी वापरत. आता त्यात आमचीही सोय झाली आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द : ओरिजिनल. बोल्ट हवा तो त्याच सालचा, ग्रिप हवी ती त्याच रंगाची. एका ब्रेकच्या एका कडीसाठी मी जर्मनीतल्या एका अनोळखी गृहस्थांशी पाच आठवडे पत्रव्यवहार केला आहे. दोन घराण्यांत सोयरीक जुळवावी तशी त्याची भाषा होती. तुमच्याकडे आणखी काय काय आहे, ती कुठे दिली जाणार, नीट नांदेल ना.

गेल्या वर्षी मी फेअरफॅक्सच्या सायकल संग्रहालयात गेलो होतो. २०१५मध्ये ते उघडलं, आणि माउंटन बाइकचं हॉल ऑफ फेमही तिथेच आहे. तिथल्या उजेडात ती खटारी ध्यानं झळकत असतात. एका जुन्या सायकलीसमोर मी हात मागे बांधून उभा होतो, देवळात उभं राहावं तसा, आणि एकाएकी मनात आलं, की ही सायकल १९७५ साली माझ्या हाती लागली असती तर मी काय केलं असतं? महायुद्धापूर्वीची चौकट, मूळचा रंग, मूळचे मडगार्ड. मी ती पुसली असती, मेण लावलं असतं आणि आकड्याला टांगली असती. त्या पोरांनी तिचे मडगार्ड उचकटले, तिला मोटारसायकलीचे ब्रेकचे दांडे बसवले, गिअर चढवले, चौकटी मोडल्या, आणि मोडून मोडून कंटाळल्यावर १९७७ साली जो ब्रीझनं या कामासाठी मुद्दाम नवी चौकट घडवली. तिथून पुढे १९७९मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचं दुकान काढलं, टॉम रिचीच्या चौकटी विकल्या. १९८१मध्ये कारखान्यातून ‘स्टंपजंपर’ आली. म्हणजे आम्ही जिवापाड जपतो त्या पुराणवस्तू, पुराणवस्तूंची वाट लावणाऱ्यांनी जन्माला घातल्या. त्या काळी त्या डोंगराखाली माझ्यासारखे दहा जण राहत असते, तर माउंटन बाइक झालीच नसती. श्विनच्या जुन्या सायकलींचं एक सुंदर संग्रहालय मात्र झालं असतं.

बाबांची सायकल त्या पोरांच्या जातकुळीची होती, हे मला तिथेच सुचलं. ती कुठल्याही कंपनीची नव्हती. चौकट जुन्या बाजारातून एका बुधवारी आणलेली, चाकं दुसऱ्या एका रविवारी, कॅरिअर ऑफिसातल्या निवृत्त होणाऱ्या माणसानं दिलेलं, घंटी कुठली ते बाबांनी कधीच सांगितलं नाही. रंग हिरवा, कारण खिडक्यांना लावून उरलेला डबा हिरवा होता. तिच्यात ओरिजिनल असं काही असेलच तर ते म्हणजे बाबा. मी अमेरिकेला निघालो त्या वर्षी ती भंगारवाल्याला दिली. मीच दिली. त्यानं ती तराजूच्या आकड्याला टांगली, तेव्हा ती पहिल्यांदा अशी लटकलेली पाहिली होती.

माझ्या सहा सायकलींतल्या सगळ्यात देखण्या सायकलीचा सीटचा दांडा अडकलेला आहे. तिचं नाव सांगत नाही, सांगितलं की पुढचा प्रश्न किमतीचा येतो. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला, घाम-पाणी झिरपलं, की दोन धातू एकमेकांत असे चिकटतात की वेल्डिंग बरं. मागच्या मालकानं तिला जीव लावला असावा, कारण तळाशी त्यानं एक नंबर कोरून ठेवला होता, आपण भांड्यांवर नाव घालतो तसा. पण ग्रीस लावलं नव्हतं. मी सहा महिने तेलं सोडली, अमोनिया सोडला, दांडा शेगड्यात आवळून अख्खी चौकट फिरवायचा प्रयत्न केला, आणि त्या झटापटीत खांदा धरला. शेवटचा उपाय दांडा आतून करवतीनं कापत काढण्याचा. तो करताना माणसं दाढ काढताना डॉक्टर जसे शांत होतात तशी शांत होतात असं ऐकून आहे.

याच काळात आई आली. तिला गॅरेज आवडलं; घरातली ही एकच जागा तिला ओळखीची वाटली. स्टूल टाकून ती बसे आणि बघे. गंज काढायला मी एक चौकट ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात बुडवली होती, लहान मुलांच्या डुंबायच्या प्लॅस्टिकच्या हौदात. अळूनं घसा खवखवतो तो याच आम्लाच्या क्षारानं, असं मी तिला सांगितलं. ‘मग चिंच घाल की थोडी,’ ती म्हणाली. सहाही सायकली बघून झाल्यावर तिचा एकच आक्षेप होता, की एकीलाही कॅरिअर नाही, मग पिशवी लावायची कुठे?

दांड्याचं दुखणं मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पण एके दिवशी मी लटकून जोर लावताना तिनं पाहिलं.

‘अडकलंय का ते?’

‘सहा महिने झाले.’

‘फुलपात्रं अडकतात तसं?’

मी थांबलो.

‘अरे, आतल्यात गार पाणी घालायचं आणि बाहेरचं गरम पाण्यात ठेवायचं. आतलं अंग चोरतं, बाहेरचं सैल पडतं. एवढं इंजिनिअरिंग शिकलास तू.’

अ‍ॅल्युमिनियम गारठलं की पोलादाच्या दुप्पट आकसतं, हे मला पाठ होतं. बर्फही मी लावून पाहिला होता. पण गार आणि गरम एकाच वेळी, हे सुचलं नव्हतं. आईनं चपात्यांचं फडकं उकळत्या पाण्यात पिळून नळीला गुंडाळलं, मी वरच्या दांड्याला बर्फाची पिशवी बांधली. तीनदा फडकं बदललं. चौथ्यांदा मी चौकट धरून पीळ दिला आणि आतून ‘कुर्र’ असा आवाज आला, जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा करतो तसा. दांडा बोटभर फिरला. मग वीतभर वर आला. मग सगळाच बाहेर आला, पांढऱ्या भुकटीनं माखलेला, विभूती लावल्यासारखा, आणि त्या भुकटीखाली छापलेला आकडा लख्ख : २६.८.

आईनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला, पदरानं पुसला.

‘आता परत अडकू नये म्हणून काय लावणार?’

‘ग्रीस. दर वर्षी काढायचं, पुसायचं, पुन्हा भरायचं.’

‘म्हणजे ओव्हरऑइलिंग,’ आई म्हणाली, आणि ते फडकं धुवायला घेऊन गेली. ते काही निघालं नाही.