सेवा रुजू व्हावी

गावातला एखादा तबलजी आजारी पडला की रसिकांचं काळीज द्रवतं आणि मदतनिधी मैफल ठरते. व्यवस्था अगदी चोख. सभागृहाचं भाडं आगाऊ, माईकवाल्याला रोख, शाल-श्रीफळ घाऊक भावात. बिदागी नसते ती फक्त कलाकाराला, त्याची ‘सेवा’.

परंपरा थोर आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केले. जमलेल्या निधीचा बराचसा भाग करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षं अडकून पडला. गावात इतका विलंब होत नाही. खर्च वजा जाता हिशेब त्याच रात्री मिटतो.

आता पुढचं पाऊल उचलावं: फुकट वाजवून कफल्लक झालेल्या कलाकारांसाठी वार्षिक मदत महोत्सव. वाजवतील अर्थातच तेच.

इच्छुकांनी वाद्यं आणि रिक्षाभाडं स्वतःचं आणावं.