घोडा नसलेली फेरारी

१९७३ साली फेरारीने ३०८ जीटी४ आणली आणि तिच्या नाकावर उधळलेल्या घोड्याऐवजी ‘डिनो’ची पाटी ठोकली. संग्राहकांच्या लेखी तिथेच पत्रिका फिसकटली. त्यात आकार नेहमीच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीचा नव्हे, तर तिची स्पर्धक असलेल्या बेर्तोनेकडच्या मार्चेल्लो गांदिनीचा. याच गांदिनीच्या लॅम्बोर्गिनी मिउरापुढे मंडळी हात जोडतात. इथल्या सरळ रेषा मात्र त्यांच्या डोळ्यांत खुपतात. शिवाय मागे दोन सीट! (बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागतं, पण बदनामी व्हायची ती झालीच.) तीन लिटरचं तेच व्ही-८ इंजिन पुढे ३०८ जीटीबीत बसलं, तेव्हा त्याच आवाजाचं एकदम संगीत झालं. जीटी४ला घोड्याची पाटी नंतर मिळाली खरी. भाव देणारे तोवर जीटीबीच्या रांगेत उभे होते.