बिघाडाचा ताळेबंद

आमच्या जुन्या मोटारींच्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा यंदा पुण्यातील एखाद्या कोंदट सभागृहात न भरविता महाबळेश्वरच्या थंड हवेत भरवावी, आणि सभासदांनी तेथवर आपापल्या मोटारीतूनच यावे, असा ठराव कार्यकारिणीने टाळ्यांच्या गजरात संमत केला, तेव्हा सुमारे १२० किलोमीटरच्या त्या वाटेवर कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट आडवे पडले आहेत, ही वस्तुस्थिती कोणाच्या ध्यानात नव्हती असे नाही. उलट गतवर्षाचा खरा हिशेब रस्त्यावरच व्हावा, अशीच सर्वांची मनीषा होती.

परगावच्या माणसाला कात्रजचा घाट दाखविण्याची पुण्याची परंपरा पुरातन आहे. आमच्या मोटारींनी तो साक्षात मालकांनाच दाखविला. बोगद्याचा राजमार्ग सोडून जुन्या घाटानेच जाण्याचा अध्यक्षांचा आग्रह पाळला गेला खरा, परंतु पहिल्याच चढावर दोन मोटारींनी पुढे जाण्यास साफ नकार दिला, आणि शिरवळला चहा घेताना हजेरी घेतली गेली तेव्हा चिटणिसांना सभेच्या गणसंख्येची चिंता वाटू लागली.

खंबाटकीच्या चढावर खजिनदारांची मोटार आचके देत थांबली. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ओढीत बसतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो, हा प्रकार आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असल्यामुळे कोणी घाबरले नाही. खजिनदारीणबाईंनी न सांगता डिकीतून पंचा काढला, तांब्यातल्या पाण्यात भिजविला, पिळला आणि पंपाभोवती अशा सराईतपणे गुंडाळला, की तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवणारी आईच आठवावी. मागे खोळंबलेल्या एका मालमोटारीच्या ड्रायव्हरने खाली उतरून विचारले, “काका, विकायची हाय का?” त्यावर खजिनदारांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर उपवर मुलीचा बाप स्थळाकडे टाकतो तीहून फारशी निराळी नव्हती: राग होता, पण रक्कम ऐकण्याची तयारीही होती.

सरकारदरबारी मात्र आमची कदर झाली आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, ५० वर्षांहून जुन्या खासगी मोटारींना ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची तजवीज केली; नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटला पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळाले, त्यामुळे त्या नावाच्या आद्य मोटारीही आता पन्नाशी ओलांडून या पंक्तीस बसू लागल्या आहेत. अशी नोंदणी झालेली मोटार रोजच्या कामाला रस्त्यावर आणण्यास मनाई असून प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांपुरतीच मुभा आहे. नियम वाचून दाखविल्यावर सभासदांना गहिवरून आले. कारण गेले सबंध वर्ष आमच्या मोटारी मेस्त्रीकडे जाण्याखेरीज अन्य कोणत्याही कारणाने घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि इतके कायदेशीर वर्तन आमच्या हातून अजाणता घडले असेल, याची आम्हांला कल्पनाही नव्हती.

त्याच नियमात मोटारीचा सांगाडा, चासी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशीही एक अट आहे, आणि तिथेच आमच्या डॉक्टरांचे दैव फिरले. त्यांची मोटार वाटेत कोठेही न थांबता, रेडिएटरमध्ये थेंबभर पाणी न मागता, थेट महाबळेश्वरास पोहोचल्याची खबर मिळताच मंडळींच्या मुद्रा गंभीर झाल्या. जी मोटार बिघडत नाही तिचे इंजिन मूळचे कसे असेल? फोनवरून इंजिनाचा क्रमांक मागविण्यात आला, नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहण्यात आला, आणि तो तंतोतंत जुळल्यामुळे सर्वांची घोर निराशा झाली.

दरम्यान उरलेल्या मोटारी पसरणीच्या पायथ्याशी, वाईतच, टेकल्या होत्या. त्यामुळे असा पेच उद्भवला, की महाबळेश्वरी सभेचे कायदेशीर स्थळ होते पण सभासद एकच, आणि वाईस कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीसमोर गणसंख्या भरपूर होती पण स्थळ बेकायदेशीर. डॉक्टरांनी वर गणसंख्येअभावी सभा रीतसर तहकूब केली; खाली अध्यक्षांनी ती रीतसर सुरू केली. वर्षाचा जमाखर्च मंजूर झाला, ज्याच्यापुढे ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढाच मोघम शेरा होता अशी सर्वांत मोठी रक्कमही मंजूर झाली, आणि पुढील सभा “जेथे बहुसंख्य मोटारी बंद पडतील तेथे” भरवावी, ही घटनादुरुस्तीही निर्विरोध झाली.

निषेध नोंदविण्यासाठी डॉक्टर तातडीने घाट उतरून आले. निषेध झाला, मिसळ झाली, आणि परतण्याच्या वेळी त्यांची मोटार काही केल्या सुरू होईना. जमलेल्या मंडळींत जो हर्ष पसरला तो वर्णनातीत होता. त्याच भरात त्यांना उपाध्यक्षपदही बहाल झाले. पण बॉनेटमध्ये वाकलेल्या खजिनदारांनी एकदम मान वर केली आणि शांतपणे विचारले, “डॉक्टर, या प्लगची वायर तुम्हीच तर काढली नाहीत ना?”

या आरोपाच्या चौकशीसाठी त्रिसदस्य समिती नेमण्यात आली असून, तिचा अहवाल पुढील वार्षिक सभेत, समितीचे सदस्य तेथवर पोहोचल्यास, सादर केला जाईल.