उलटे घड्याळ आणि सुलटा उपदेश

परिचर्या-शिक्षणात, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगच्या चार किंवा जीएनएमच्या तीन वर्षांत, विद्यार्थिनींचा वेळ स्मार्टफोन खातो, या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार वॉर्ड केवळ भेटीच्या वेळेत पाहिलेल्या विद्वानांकडे परंपरेने चालत आलेला असून, आपण त्या परंपरेचे भूषण आहोत अशी प्रस्तुत लेखकाची नम्र समजूत आहे. त्याच्या मते नोटिफिकेशन, म्हणजे फोनने न विचारता दिलेल्या हाका, बंद कराव्यात आणि 'पोमोदोरो' पद्धत, म्हणजे फ्रान्सेस्को चिरिलो याने टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून नाव दिलेली 25 मिनिटे काम व 5 मिनिटे विश्रांतीची शिस्त, अंगीकारावी. लेखकाला ती इतकी पटली आहे की तो विश्रांतीपासूनच सुरुवात करतो.

येथे परिचारिकेच्या घड्याळाविषयी विषयांतर आवश्यक नाही, म्हणूनच ते सविस्तर करणे योग्य होय. हात कोपरापर्यंत मोकळे राहावेत व नीट धुता यावेत म्हणून गणवेशावर टाचले जाणारे हे घड्याळ जगाला उलटे आणि जिने ते लावले आहे तिला मात्र सुलटे दिसते. त्याच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ती नाडी मोजते, आणि ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिटभर मोजते. हे यंत्र विचारल्याखेरीज बोलत नाही आणि विचारले तरी वेळच सांगते, मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवत नाही; उलट फोनमध्ये वेळ पाहण्यास गेलेला मनुष्य वेळ सोडून सर्व काही पाहून परततो. या घड्याळावर लेखकाने स्वतंत्र ग्रंथ योजला असून त्याची अर्पणपत्रिका तयार आहे.

तथापि मिनिटभर ठोके न चुकता मोजणाऱ्या मुलीला एकाग्रता येत नाही, हे निदान तपासून पाहण्याजोगे आहे. सकाळची ड्युटी, टीपीआर म्हणजे ताप, नाडी व श्वसन यांच्या नोंदी, हँडओव्हर आणि मग केअर प्लॅन लिहिणे, यांतून उरलेली ती होस्टेलवर पोहोचते, तेव्हा ज्या फोनला वॉर्डात बंदी असते त्याच फोनवर बदललेली ड्युटी रात्री उशिरा कळवली जाते आणि 'मेसेज पाहिला नाही' हे कारण कोणी ऐकून घेत नाही. पडद्याला तळच नसावा अशी 'अनंत स्क्रोल' ही रचना अझा रॅस्किन याने 2006 मध्ये केली व पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. थांबण्याची जागा काढून टाकणारे पगारी, आणि थांबण्याची जबाबदारी मात्र एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर, ही वाटणी संतापजनक आहे. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा रुग्णाच्या तोंडावर चादर ओढली, त्या रात्री ती रील्स पाहत जागी राहिली, तर त्या तासांना वाया गेलेला वेळ म्हणणे कोणत्याही तक्त्यास शोभत नाही.

म्हणून पहिली शिफारस अशी की, ड्युटीचे बदल संध्याकाळपूर्वी फलकावर लावावेत. दुसरी अशी की, औषधाची मात्रा पाहण्यासाठी वॉर्डात संदर्भपुस्तक ठेवावे, म्हणजे त्या निमित्ताने फोन उघडावा लागणार नाही. तिसरी शिफारस वेळेच्या नियोजनावरील पाहुण्या वक्त्यांच्या व्याख्यानांबाबत असून, मानधनाचा विचार करता लेखकाने ती तूर्त राखून ठेवली आहे.