शिजियाझुआंगचा मनसुबा

चीनला जायचे आणि तेथील सुप्रसिद्ध भिंतीकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा माझा मनसुबा अंजनगाव सुर्जीत जाहीर झाला तेव्हा, निवृत्त मुख्याध्यापकाच्या बुद्धीविषयी गावात पूर्वापार चालत आलेल्या प्रवादांना सबळ पुरावा मिळाल्याचा आनंद अनेकांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसला. "काऊन गुरुजी, इतके पैशे खर्चून जाता अन् थे भित नाही पायत? मंग जाता कायले?" असे शेजारच्या पानमळेवाल्या भाऊंनी विचारले, आणि मी शिजियाझुआंगचे नाव घेताच तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारून, "हे अकोटाच्या इकडे येते का तिकडे?" अशी पृच्छा केली. पुण्यामुंबईची सुविद्य माणसे आमच्या गावाविषयी नेमके हेच विचारतात, त्यामुळे मला राग आला नाही.

परराष्ट्रव्यवहार आम्हास अगदीच अपरिचित आहे, असे मात्र कोणी समजू नये. गाविलगड पडल्यानंतर, ३० डिसेंबर १८०३ रोजी, दौलतराव शिंद्यांचे वकील आणि पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला धूळ चारणारा आर्थर वेलस्ली यांच्यात तह झाला तो आमच्याच गावी. गंगायमुनेच्या दुआबाचा सुपीक मुलूख शिंद्यांच्या हातून गेला तो येथील कागदावर. त्यानंतर आजतागायत कोणत्याही सरकारने परराष्ट्रविषयक बाबतीत अंजनगावचा सल्ला घेतलेला नाही, आणि पहिला अनुभव ध्यानी घेता, त्यात सरकारचे फारसे चुकले असे म्हणवत नाही.

माझे प्रयोजन साधे होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले (नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते, नागपूरकर म्हणजे वऱ्हाडी नव्हेत, परंतु परमुलखात एवढी तफावत चालवून घ्यावी), जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा-स्मशानभूमीत आहे. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने डॉक्टर घरोघरी पोहोचले. समाधीचे शहर तेवढे वाटेत कोठेतरी उतरून गेले.

या शहराची कुळकथा वाचताना माझ्यासारख्या वऱ्हाडी माणसाच्या पोटात कालवाकालव होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एक क्षुल्लक खेडे होते, मुलूख कापसाचा, १९०७ साली तेथून तायुआनपर्यंत मीटरमापी रेल्वे सुरू झाली, आणि त्या रुळांच्या आधारे सूतगिरण्या, कारखाने वाढत जाऊन आज ते हेबई प्रांताची राजधानी आहे, जिल्ह्यासकट वस्ती एक कोटीहून अधिक. मुलूख आमचाही कापसाचा. आमच्याकडेही मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर 'शकुंतला' ही अरुंदमापी गाडी आली. आणि आमची अशी काही भरभराट झाली की, खुद्द गाडीच बंद पडली. एक कोटी माणसांच्या नगरीस अप्रसिद्ध म्हणण्याचा अधिकार अंजनगावकरास कोणत्या कायद्यान्वये पोहोचतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

शिध्याच्या प्रश्नाने गृहखात्यात गंभीर स्वरूप धारण केले. गाढवाचे मांस घातलेली रोटी हे हेबई प्रांताचे भूषण होय, अशी माहिती मी केवळ ज्ञानप्रसारार्थ दिली असता, सौभाग्यवतींनी त्याच सायंकाळी ज्वारीच्या पिठाचा, ठेच्याचा आणि कण्यांचा असा काही साठा बांधावयास घेतला की, विमानाऐवजी मालगाडीच मुक्रर करावी असे वाटू लागले. भाऊंनी आपल्या मळ्यातील पिंपळीची पुरचुंडी आणून दिली. चिनी वैद्यकात पिंपळी फार पूर्वीपासून वापरतात हे ऐकून त्यांचा चीनविषयीचा आदर एकाएकी वाढला आणि "तिथं काय भाव हाय, तेवढं इचारून या," असे फर्मान सुटले.

राहता राहिला परवाना. अमरावतीच्या एका दलालाने अर्ज पुढ्यात ओढून, चष्मा कपाळावर चढवून, भेटीचे कारण विचारले.

"एका डॉक्टरांची भेट."

"त्यांची वेळ घेतली आहे का?"

"ते १९४२ सालीच वारले."

त्याने क्षणभर माझ्याकडे, मग अर्जाकडे पाहिले आणि 'पर्यटन' या रकान्यात खूण करीत तो म्हणाला, "डॉक्टरचं नाव नका काढू, गुरुजी. उगाच हे लोक रक्ता-लघवीचे रिपोर्ट मागत बसतील."